नळीवरच्या दोन रेघा

...आणि वर मलाच विचारतात, "मर्विन, तुझ्या बंदुकीच्या नळीवर हे काय गिचमिड आहे रे?" गिचमिड! अहो, तुमच्याच तोंडून निघालेलं आहे ते, मी फक्त कोरून घेतलं! तुम्हाला सांगतो, माणसाने एक वेळ लग्न चारचौघांना विचारून करावं, पण रायफल बनवायला टाकली असेल तर कॅफेत तोंड म्हणून उघडू नये.

झालं काय, आमच्या वायोमिंगच्या शिकारीच्या सोडतीत यंदा माझं नाव लागलं. वरच्या डोंगरातल्या नर एल्कचं परमिट, एल्क म्हणजे घोड्याएवढं हरीण! अर्धं आयुष्य अर्ज करतोय आणि दरवर्षी आपलं 'क्षमस्व'. आता पुन्हा नंबर लागेपर्यंत हे गुडघे राहतायत का डोंगर चढायला? हीच पहिली आणि हीच शेवटची संधी! म्हटलं, होऊ दे खर्च, खास आपल्या मापाची रायफल बनवून घेऊ.

गेलो हार्लनकडे. हार्लन म्हणजे आमचा बंदुका बनवणारा, हात सोन्याचा आणि तोंड एरंडेल प्यायल्यासारखं. म्हणतो, "कॅलिबर बोल, कुठल्या मापाचं काडतूस ते. माझं नाव, गाव, राज्य, कॅलिबर, सगळं कायद्याने कोरावं लागतं, आणि चांगलं खोल. तेव्हा विचार करून बोल." अहो, केलेलाच होता विचार! थर्टी-ओ-सिक्स! सासरे जन्मभर तेच वापरतायत, कधी उपाशी नाही राहिले. हार्लनने काय देखणं कोरलं सांगू... मी तर बोट फिरवून फिरवून पाहिलं. सुखी होतो हो मी!

आणि मग कॅफेत बोललो.

मेहुणा रॉय बसला होता, ग्रेव्हीत बिस्किट बुडवत. बिस्किट तसंच हवेत! "दाजी, थर्टी-ओ-सिक्स? एवढं परमिट लागलंय आणि आजोबांचं काडतूस? दरीपलीकडे उभा राहिला तर काय, दगड मारणार त्याला? तीनशे मॅग्नम घ्या! आणि हलकी करा, वाहायचीय डोंगरात!" अख्खं कॅफे माना डोलवतंय. रायफल माझी हो, पण मला विचारतंय कोण!

पुन्हा हार्लन. म्हणतो, "हे बघ, काडतुसाचं घर आणखी खोल करता येतं, उथळ करता येत नाही. पुढे जाशील, मागे नाही येणार." मी म्हटलं, जाऊ पुढे. कापलं. जुन्या कॅलिबरवर मारली आडवी रेघ आणि शेजारी नवं. मी म्हटलं, "अरे, ते जुनं घासून टाक की!" तर खेकसला, "नळी पातळ करू? उद्या फुटली म्हणजे? रेघ राहील. आत काय बसतं ते वाचणाऱ्याला कळलं म्हणजे झालं." रायफल उचलली आणि निघालो.

निघालो तो निघालो, पण पेट्रोल पंपावर भेटली मार्लीन, शाळेची बस चालवते ती. "तीनशे मॅग्नम? ते तर शेंबड्या पोराकडेही असतं! स्वतःची म्हणून बनवतोयस तर वेदरबी कर, लांबडं काडतूस!" आता तुम्हीच सांगा, मी नाही म्हणायला तोंड उघडलं, आणि त्यातून 'बरं' निघालं, यात माझा काय दोष? रायफल माझी हो, पण मला विचारतंय कोण! हार्लनने या खेपेला दुसरी रेघ मारली आणि एवढा मोठा सुस्कारा सोडला...

पहिला बार काढला. देवा! हलकी बंदूक आणि हे काडतूस... खांदा मागच्या मागे, रायफलीवरची दुर्बीण भुवईत, रक्ताची धार, आणि रॉय टाळ्या वाजवतोय, "जोर आहे, दाजी, जोर आहे!" तेव्हापासून चापाला बोट लागलं की डोळे आपोआप मिटतात. उघडे ठेवून दाखवा की तुम्ही!

आणि तो आला हो. पहाटे, झाडीच्या कडेला, आडवा उभा. शिंगं म्हणजे नुसतं वठलेलं झाड! आणि किती लांब? कसली दरी आणि कसलं काय, सासऱ्यांनी चष्म्याशिवाय पाडला असता! रॉय कानात, "मारा, दाजी, मारा!" मी चापाला बोट लावलं... डोळे मिटले... धाड! उघडले तर झाडी हलतेय, आणि एल्क? गेला. पुढचे सगळे दिवस शोधला, शेपूटही दिसलं नाही. परमिट संपलं. खोटं कशाला सांगू, ट्रकमध्ये बसून रडलो.

आता आमच्याकडे कुणाचा फ्रीझर रिकामा राहिलेला कुणाला बघवत नाही. मादीचं परमिट काय, कुणालाही मिळतं; सासऱ्यांनी मादी मारली होती, मटण पाठवलं. कशाने मारली ते पुडक्यावर ठसठशीत, 'थर्टी-ओ-सिक्स'. रॉयने पाठवलं, 'तीनशे मॅग्नम'. मार्लीनने बस दारात थांबवून दिलं, 'वेदरबी'. आणि तळाशी सगळ्यात मोठी रास कुणाची? आमच्या ग्लेंडाची, म्हणजे बायकोची! शाळेत असताना घेतलेली तिची 'दोनशे त्रेचाळीस', म्हणजे या सगळ्यांपुढे चिल्लर! एका गोळीत मादी पाडून आली आणि मला म्हणालीसुद्धा नाही.

काल फ्रीझर उघडून विचारते, "आज कुठलं काढू रे?"

मी म्हटलं, "कॅलिबर तूच ठरव, बाई."