विहीर बांधापल्याड

नानासो : ...म्हणून इचारतुय, तानाजीनं तुमाला काय पोचवलं? पेढं का पाकीट?

रूपाली : काका, तुमच्या भावाला मी अजून पाहिलंसुद्धा नाही. रानाची मापं तुम्ही आणून दिलीत, मी त्यावरून नकाशा काढला.

नानासो : मग माझी इहीर त्येच्या रानात कशी गेली? बांधाच्या पल्याड धा मीटर! इहिरीला पाय फुटलं व्हय? सोमवारी वाटणीपत्राला ह्योच कागद जोडायचा. एकदा सह्या झाल्या की गेलीच म्हणायची ती.

रूपाली : सह्या व्हायच्या आत आलात ते बरं केलंत. बसा आधी.

नानासो : बसत न्हाई. परवा तान्याची गाडी ह्याच जिन्याखाली हुती. मेव्हण्यानं डोळ्यानं बघितली.

रूपाली : खाली हळदीची अडत आहे. निम्म्या तालुक्याच्या गाड्या तिथं लागतात.

नानासो : अडत जिनेश शेटची. त्ये तुमचं कोण?

रूपाली : मामा.

नानासो : हां! आलं का भायेर? तान्याची हळद मामाकडं, आनि माझी इहीर भाचीकडं! अठरा वर्सं फौजेत काढल्यात पोरी, मला उल्लू नगं बनवू.

रूपाली : मामा हळद विकतात, मी रेघा मारते. या इकडं, तुमच्यासमोर पुन्हा काढते. चिंचेखालचा दगड, हा शून्य. तिथून पूर्वेला साठ. त्या दगडापासून उत्तरेला पन्नास. तिथून पश्चिमेला साठ. झाले चार दगड. बरोबर?

नानासो : बरोबर. सरकारी मोजणीचा कागद हाय त्यो.

रूपाली : आता विहीर. ही तुमच्या हातची चिठ्ठी. पूर्वेला पस्तीस, उत्तरेला दहा. टाकलं.

नानासो : थांब थांब. आकड्याच्या म्होरं ते शेपटीवालं काय दाबलंस?

रूपाली : ॲट. ते लावलं की कॉम्प्युटर मागच्या बिंदूपासून मोजतो. नाही लावलं तर पहिल्या शून्यापासून.

नानासो : मागच्या म्हंजी चवथ्या दगडापासनं?

रूपाली : हो. मोजणीत एका दगडापासून पुढचा दगड, अशीच मापं होती. म्हणून विहिरीलाही... काका, विहीर तुम्ही कुठून मोजलीत?

नानासो : चिंचंपासनं. आनि कुठनं? फौजेत एक निशाणी धरायची आनि समदं तिथनंच मोजायचं.

रूपाली : चिठ्ठीत तसं लिहिलं नाहीत.

नानासो : तू तरी इचारलंस का?

रूपाली : नाही. चुकलंच माझं. (विहिरीचे आकडे पुन्हा टाकते.) हे बघा, ॲट काढलं.

नानासो : आली! आली की माझ्या रानात! बांध तर लय लांब ऱ्हायला!

रूपाली : छापून देते. भावाला आत्ताच फोन करा, घोळ मिटला म्हणून.

नानासो : त्येला... त्येला कसा करू?

रूपाली : का? विहीर आपली आहे असं म्हणत होते का ते?

नानासो : न्हाई गं. त्येचं कायबी म्हणणं न्हवतं. काल तुझा कागद बघितला आनि माझंच डोस्कं फिरलं. माझ्या इहिरीवरनं त्येच्या हळदीला पाइप जाती, ती कुऱ्हाडीनं तोडली. तीन तुकडं केलं. त्यो बांधावरच हुबा हुता.

रूपाली : मग? काहीच बोलले नाहीत?

नानासो : म्हनला, "दादा, पायावर बसंल, जपून."