स्वेच्छेनं नव्हे, घाईनं

माननीय अध्यक्ष मारुतीराव, व्यासपीठावरील मान्यवर, आपल्या कार्यालयाच्या राजश्री आक्का, माझे सहकारी आणि शहापूरच्या या शाळेवर जीव लावणारे पालकहो,

माझ्या आधीच्या चारही वक्त्यांनी सांगितलं की, बिदरकडच्या मुलांसाठी मी स्वेच्छेनं बदली मागून घेतली. त्याग वगैरे शब्द आले. अहो, कसला त्याग? आता राहवत नाही म्हणून सांगतो.

मार्चमध्ये शिक्षण खात्याचं कन्नडातलं एक पत्रक फिरत आलं. 'वर्गावणे' म्हणजे बदली, हे मला ठाऊक नाही का? बावीस वर्षं याच जिल्ह्यात नोकरी केली. पण एका हातात चहा, कान आणि खांद्यात मोबाईल, डोक्यात नववीचे पेपर. नुसतं 'वर्गा' एवढंच वाचलं. पुढचं मनानंच भरून टाकलं, की पुढल्या वर्षीचे वर्ग वाटतायत! 'इच्छुक'खाली झोकात सही ठोकली. वर 'कुठलाही चालेल' असं लिहिलं. मला काय, आठवी काय नि दहावी काय!

यादी लागली आणि डोळ्यांपुढं आई आली. ती गावी, गुंजीला एकटी असते. दर शनिवारी जाऊन तिच्या आठवड्याच्या गोळ्या मी डबीत भरून ठेवतो. बिदरहून कसा येणार? माझी बायको माधवी चार दिवस बोलली नाही. पाचव्या दिवशी बोलली, ते इथं सांगण्यासारखं नाही.

बदली रद्द करावी म्हणून अर्ज केला. कन्नडातून तो लिहून दिला आक्कांनी. आणि वर म्हणाल्या, "सर, तुमी वाचत न्हाई, नुसतं डोळं फिरवता. उद्यापासनं पाणी गाळा."

आक्का जैन. शाळेत फिल्टर असूनही रोज सकाळी दुहेरी फडक्यातून पाणी गाळून आपली घागर भरतात. ते काम माझ्या गळ्यात पडलं. लई वैताग हो! फडकं पिळलं तर आक्का रागावणार, मोबाईल काढला तर हातातली कळशी कलंडणार. पाणी आपल्या चालीनं पडणार आणि आपण सुम्म, गप उभं राहायचं. यानं मन शांत होतं म्हणे. कसलं होतंय? दीड महिना माझं मन तिथंही गावभर हिंडत होतं. फार तर अधूनमधून दोन मिनिटं घरी परतायचं.

तर मघाशी दुसरं भाषण चालू असताना शिपाई भरमूनं माझ्या हातात एक पाकीट दिलं. पत्र कन्नडातच आहे. मी बोट ठेवून, एकेक अक्षर लावत, तीनदा वाचलं.

माझी बदली रद्द झालेली आहे.

पूर्वीचा मी तिथंच उभा राहून ओरडलो असतो. आज उरलेली दोन भाषणं ऐकली, हारही घालून घेतला.

शाल आणि श्रीफळाबद्दल आपला आभारी आहे. परत हवं असेल तर अध्यक्षांनी संकोच करू नये. बोलण्यात काही अधिकउणं झालं असेल तर पोटात घाला. आणि जेवणाआधी मला पाच मिनिटं मोकळं करा. दीड महिना आई फोनवर विचारतेय, "जाणार काय रं तू?" आणि मी रोज विषय बदलतोय.