काडी माझी, बांधणी तुमची

…आन वर मलाच इचारतो, ‘काका, पायातली शीर काढू का?’ मला! तुमाला सांगतो, पुणतांब्यात तीस वर्सं आंब्याची कलमं बांधतोय हा कानिफनाथ. खाली खुंट कंचा, वर काडी कुठली, काप कुठं मारायचा हे पार जामखेडची मान्सं येऊन मला इचारत्यात, आन हा नगरचा डॉक्टर मला शिकवतो! म्हणं काळजाच्या तीन शिरा तुंबल्यात, आठ दिसांत बायपास, न्हाईतर खेळ खलास. अवो, पन काळजाला जोडायला पायाची शीर कशी काय? सगळी कलमं उकिडवं बसून बांधायची, मंग बिनशिरेच्या पायावर मी बसू कसा?

मी म्हणलं, सायेब, आमच्या धंद्याची रीत ऐका. गिऱ्हाईक त्येच्या झाडाची काडी वल्या फडक्यात गुंडाळून आनतंय, मी निस्ती बांधून देतो. तसंच करू. काडी माझी, बांधणी तुमची! शीर मी आनतो!

डॉक्टरनं चष्मा काढला, पुसला, परत घातला. ‘आणणार कुठून?’

कुठून? अवो, आमच्या आक्काबाईची, माझ्या सख्ख्या बहिनीची शुभांगी पुण्याच्या प्रयोगशाळेत शिरा पिकवती! भाचीच्या घरात माल असताना मी कशाला पाय कापून घिऊ? तर आमची झुंबरबाई म्हनती, ‘आवं, शीर म्हंजी काय दुधी भोपळा हाय व्हय, तोडून आनायला?’ बायकूचा इस्वास बघा! मी डबा घेतला, डब्यात वलं फडकं घेतलं, आन सकाळच्या येष्टीनं थेट पुनं!

आन तुमाला सांगतो, खरंच हुती की! काचंच्या भांड्यात, लालसर पान्यात, बॉलपेनच्या कांडीएवढी पांढरी नळी. शुभांगी म्हनती, ‘मामा, विरघळणाऱ्या जाळीवर जिवंत पेशी पेरायच्या, आठ आठवडे पोसायच्या. जाळी विरघळून जाते, उरते ती जिवंत रक्तवाहिनी.’ बाजूला पंप चाललेला… ठक-ठक, ठक-ठक. ‘हे ठोके दिले नाहीत ना, तर ती मऊच राहते, रक्ताच्या दाबानं फाटते.’ मी म्हणलं, पोरी, हे मला सांगती व्हय? सावलीत लाडावल्यालं रोप शेतात गेलं की मान टाकतं, म्हनून आदी ऊन दावायचं! लई भारी काम हाय तुजं. टाक डब्यात.

‘मामा!’

काय मामा? काडी माझी, बांधणी डॉक्टरची, सगळं ठरलंय!

‘मामा, आमची ही अजून माणसात बसवत नाहीत. आणि ही तर डुकराच्या पेशींची आहे.’

डुकराच्या! आता मला सांगा, तीस वर्सं कलमं बांधनारा गडी गप ऱ्हाईल का? मी कडाडलो, आंब्याच्या खुंटावर बाभळीची काडी? जन्मात जगायची न्हाई! खुंट ज्या जातीचा, काडी त्याच जातीची, आन मान्साच्या अंगात तर ज्येची त्यालाच! हे मी तुला लिहून देतो!

पोरगी हसली. ‘मग तुमच्या खुंटाला काडी कुणाची, मामा?’

…माजंच वाक्य माज्याच गळ्यात. मी म्हणलं, मंग माज्या पेशी घे, पेर! म्हनती, ‘महिने लागतील, तुमच्याकडं आठ दिवस आहेत. पायात दुसऱ्या शिरा असतात, मामा. बसाल उकिडवे.’ आन हात धरला माजा. तवा कबूल केलं बगा… उकिडवं बसायचं निमित्त हुतं. लई भ्यालो हुतो मी. आजवर सुरी माज्याच हातात असायची ना!

झालं, डबा रिकामाच परत. पाय कापला, शीर काढली, छाती उघडली, तीन ठिकानी ती जोडली. सुद्दीवर आलो तसा पयला इचारलं, सायेब, जगतंय का कलम? डॉक्टर गादीवर टेकला आन म्हनला, ‘काका, काडी तुमची, बांधणी माझी, दोन्ही झकास. पण पुढची निगा तुमच्या हातात. बिडी बंद, तूप बंद.’

अवो, हेच! हेच मी तीस वर्सं गिऱ्हाइकाला सांगून हात झटकतो! आन कलम वाळलं की म्हनतो, ‘तुमीच निगा राखली न्हाई!’

ती निगा आता झुंबरबाईकडं हाय. बिडीचं बंडल चुलीत, ताटात अळनी भाजी, रोज सकाळी माजी गंजी वर करून टाक्यांचा वण बगती… आन शेजारनीला वरडून सांगती, ‘कलम धरलंय गं बाई! पन खुंट लई जुनाट हाय!’