मेणातला तुकडा आणि एकवीस दिवस

सन्माननीय अध्यक्ष डॉ. गोपाळकृष्ण उपासनी साहेब, व्यासपीठावरील मान्यवर, आज निवृत्त होणाऱ्या डॉ. सुनीती दामले बाई, त्यांच्या प्रयोगशाळेतील मंडळी, आणि माझ्यासारखे पेशंटच्या घरचे लोकहो,

आधी माफी मागतो. हे बोलायला मला नऊ वर्षं उशीर झाला आहे. मी दादामियाँ. बुधवार पेठेत विजेच्या घंट्या दुरुस्त करतो. शाळा चौथीपर्यंत, तेव्हा सांभाळून घ्या. आवाज मागे पोचतोय ना?

माझी बायको अख्तरबानू. तिच्या छातीतल्या गाठीचं ऑपरेशन दुसरीकडे झालं. गाठीचा तुकडा मेणात बसवून त्यांनी माझ्या हाती दिला, जपून ठेवा म्हणाले. आता आमच्यात रीत अशी, की अंगापासून वेगळं झालेलं मातीला द्यावं. मी तो पांढऱ्या कापडात गुंडाळला, स्क्रूच्या डबीत घातला आणि कबरस्तानाच्या कोपऱ्यात पुरला. याहून जपून आणखी कुठे ठेवणार?

मग डॉक्टरांनी आम्हाला बाईंकडे पाठवलं. बाईंनी माझ्याच धंद्याच्या भाषेत समजावलं. पेशीच्या अंगावर घंटीसारखी बटणं असतात. शरीराने दाबलं की पेशी वाढते, सोडलं की थांबते. काही गाठींत ही बटणं फार होतात आणि कुणी न दाबता वाजत राहतात. त्यांवर झाकण घालणारं औषध आहे, पण आधी तुकडा तपासायला हवा.

अडकलेलं बटण म्हणजे काय, ते मला कोण शिकवणार? तरी मी म्हणालो, तुकडा घरी आहे, आणतो. लाज वाटली. दर खेपेला नवी सबब. कपाटाची किल्ली हरवली, मुलगी जैनब गावाला गेली. असे एकवीस दिवस. शेवटी बाईंच्या टेबलापाशी रडत खरं सांगून टाकलं.

बाईंनी चष्मा काढला. "किती खोल पुरलात?"

"हातभर."

"मग काढा. आमच्या कपाटापेक्षा बरा राहिला असेल."

तुकडा शाबूत निघाला. बटणं होती, फार होती. औषध सुरू झालं.

बानूचा मात्र समज झाला, की उशीर प्रयोगशाळेने केला. याच इमारतीत, चार लोकांसमोर बाईंना म्हणाली, "तुम्हा पुण्याच्या लोकांना दुपारची झोप प्यारी, माणूस मरो." मी शेजारीच उभा होतो. बाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "चुकलंच आमचं, बानूबाई."

ती चार वर्षं जगली. नातीला चालायला शिकवलं. मग दुखणं डोक्यात गेलं, तिथे ते औषध नीट पोचत नाही म्हणे. शेवटपर्यंत मी तिला खरं सांगितलं नाही. म्हणून आज सगळ्यांसमोर सांगतो: उशीर बाईंचा नव्हता, माझा होता. जैनब, बेटा, तूही ऐक.

आपण मला बोलू दिलंत, आभारी आहे. निरोपाच्या दिवशी रडगाणं गायलो, कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला.

बाई, एकच विचारायचं राहिलं. त्या एकवीस दिवसांत घंटी वाजतच होती. त्याने किती फरक पडला? आत्ता इथे सांगू नका. घरी जाऊन दोन ओळी लिहा, माझ्या मनासारखं नको, खरं तेच लिहा. फक्त लवकर कळवा. मी ब्याऐंशीचा आहे, आणि भेटल्यावर बानू आधी हेच विचारेल.