गटारावरची झाकणं आणि शेकडा एक

समारंभाचे अध्यक्ष माननीय धाकूशेठ, प्रमुख पाहुण्या देवयानीताई, व्यासपीठावरील मान्यवर आणि मानपाड्याच्या आपल्या गल्लीतील बंधुभगिनींनो,

गल्ली समितीचा मावळता सचिव म्हणून मला शाल दिलीत, श्रीफळ दिलंत, चार गोड शब्दही बोललात. आभारी आहे. पण हे मास्तर घर सोडून लेकीकडे का चाललेत, हे एकाही वक्त्यानं सांगितलं नाही. मग मीच सांगू?

आपली गल्ली खासगी जागेतली. उघड्या गटारावर झाकणं टाकायची ती आपणच. मी म्हटलं, प्रत्येकानं आपल्या उत्पन्नातला शेकडा एक रुपया द्यावा. मोठ्याचा वाटा मोठा, लहानाचा लहान. काय टाळ्या पडल्या! आणि दुसऱ्या दिवसापासून अख्खी गल्ली गरीब झाली.

हे आमचे विनीत. लग्नाच्या बायोडेटात पगार असा, की वाचणाऱ्याला घाम फुटावा. माझ्यापुढे म्हणाले, "काका, हातात काही उरतच नाही. आणि गटार सगळ्यांना सेम, तर पैसे पण सेम घ्या ना!" अरे, मग पोळ्या लाटणाऱ्या मालनबाईंनी तुझ्याइतकेच द्यायचे? अध्यक्षमहाराज, रागावू नका, चार इमारतींचं भाडं घेणारे तुम्ही मला म्हणालात, "मास्तर, आमाला कुठं पगार हाय?" पोराच्या हळदीला मात्र दोन डीजे होते. हसताय काय? सोनल, सूत्रसंचालन नंतर कर, माइक राहू दे गं माझ्याकडे, दोनच मिनिटं.

गणपतीत माझी बायको, कल्पिता, त्याच गटारात पडली. खुबा मोडला. तेव्हा सगळे धावलात, डबे पोचवलेत, ते मी विसरणार नाही. पण झाकणं अजून आलेली नाहीत. या मांडवाची आणि श्रीखंडाची वर्गणी मात्र दोन संध्याकाळींत जमली! आम्हाला निरोप द्यायला पैसे आहेत, आम्ही इथे राहावं म्हणून नाहीत. संताप येतो हो.

असो. बोलण्यात काही अधिकउणं झालं असेल तर मोठ्या मनानं पोटात घाला. तुमच्या प्रेमाबद्दल मनापासून धन्यवाद. आता शेवटचं एक काम. कल्पिता व्हीलचेअरवर दारात बसली आहे आणि गाडी गटारापलीकडे उभी आहे. चौघांनी हात लावा. मात्र उचलताना सारख्या वाटण्या करू नका. ज्याच्या अंगात बळ जास्त, त्यानं जड बाजू धरावी.

नमस्कार.