दाता स्ट्रक्चर भवन

(सडक अर्जुनी, २००६. अल्काच्या घरची ओसरी. रेल्वेतून निवृत्त झालेला तिचा मामा खेमराज गोंदियाहून आला आहे. अल्काची धाकटी बहीण रंजिता कॉलेजात शिकवायला गेली आहे.)

खेमराज : अन् फुलचूरले तुमच्या मायबापाचं घर हाये. तिथून गोंदियाचं कॉलेज सायकलनं जाता येते. मी तिथं शब्द टाकून ठेवला, ते लोक मले विचारून राहिले, तुमची भाची येते का नाई. अन् हे रंजिता इथं कायले अडकून राहिली?

अल्का : चहा घ्या आधी. ते नाई म्हणते त्याले कारण हाये, मामा. येताना हायवेवरून तिचं कॉलेज पाह्यलं असन ना तुम्ही?

खेमराज : पाह्यलं. बाजूले टिनाचं एक शेड हाये. त्याच्यावर येवढं मोठं लिवलं हाये, 'दाता स्ट्रक्चर भवन'. मले वाटलं, कोन्या दानशूर मानसाचं काम असन.

अल्का : तेच शेड. ते 'दाता' नाई, 'डाटा' पाहिजे होतं. पेंटर चुकला.

खेमराज : मंग दुरुस्त करून घ्याचं ना.

अल्का : अध्यक्षानं करू नाई देल्लं. ते पुढं सांगतो. झालं असं, मागच्या साली दिवाळीच्या आधी युनिव्हर्सिटीचं पत्र आलं. तुमच्या कॉलेजात डाटा स्ट्रक्चरची सोय नाई. सोय करा, कमिटी पाहाले येईन. सोय दिसली नाई तर कॉम्प्युटरचा कोर्स बंद.

खेमराज : डाटा स्ट्रक्चर मतलब काय, हे सांग पहिले. आमच्या ऑफिसात कॉम्प्युटर आला अन् मी रिटायर झालो.

अल्का : विषय हाये तो एक. कॉम्प्युटरात माहिती कशी मांडून ठेवाची, म्हंजे लागन तव्हा हाताशी येईन, त्याच्या रीती. रंजिता मले पोळ्या लाटता लाटता शिकवते. आता ह्या बांगड्या पाहा. जे शेवटी घातली तेच पहिले निघते. खालची काढाची असन तर वरच्या सगळ्या उतरवा लागते. याले म्हणतेत स्टॅक. अन् चक्कीवर डबे लावतो आपण, ज्याचा डबा पहिले त्याचं दळण पहिले. तो झाला क्यू.

खेमराज : रिझर्वेशनची लाईन.

अल्का : तेच. अन् तुमच्या मालगाडीचे डबे. मधात नवा डबा घालाचा असन तर तेवढी एक कपलिंग सोडाची, डबा घालाचा, दोन्हीकडून जोडाचा. बाकीच्या गाडीले हात लावाचं काम नाई. ते लिंक्ड लिस्ट.

खेमराज : हे तर समजते मले. मंग कमी काय होतं?

अल्का : शिकवणारा. आधीचे सर सोडून गेलते. युनिव्हर्सिटीचं म्हणणं येवढंच, का या विषयाले मानूस ठेवा. रंजिता तयार होती. टाईमटेबलात तिच्या नावावर तास लिवाचा होता, खेळ खतम. पण अध्यक्ष केशोरावजीनं पत्र वाचलं अन् छोटेलाल ठेकेदाराले बोलावून घेतलं.

खेमराज : ठेकेदाराले कायले?

अल्का : स्ट्रक्चर उभं कराले.

खेमराज : मस्करी करून राहिली काय?

अल्का : तुमच्यासंगं करन का मी? छोटेलाल त्यायचा साडभाऊ. दिवाळी झाली अन् गड्डे खोदणं चालू. रंजिता गेली सांगाले. अध्यक्षानं खुर्ची देल्ली, चहा देल्ला, सगळं ऐकून घेतलं. मंग म्हणे, "मॅडम, माहिती ठेवाचीच म्हणता ना तुम्ही? ठेवाले जागा लागते का नाई लागत?" रंजिता म्हणे, लागते सर, पण... "मंग जागाच तर करून राहिलो."

खेमराज : बांगड्याचं सांगाचं होतं त्याले.

अल्का : सांगितलं ना. हातातल्या काढून टेबलावर ठेवल्या तिनं. तो म्हणे, "कमिटीपुढं मी बांगड्या ठेवू?" ठेकेदार हासला, ऑफिसातला बाबू हासला. ते उठून आली.

खेमराज : तव्हाच राजीनामा द्याचा होता.

अल्का : लिवला होता. वर्गात ओमेश्वरी नावाची पोरगी हाये, गोरेगावकडची, रोज एस.टी.नं येते. तिचा बाप उदेलाल. धानाची शेती हाये, मानूस वाईट नाई. पण त्यानं सांगून ठेवलं होतं, कोर्स बंद झाला तर गोंदियाले पाठवत नाई, लगीन करून टाकतो. पाहुणे येऊन बी गेले होते. ते पोरगी रंजिताले विचारत राहे, मॅडम, कोर्स राहते ना? अन् तिच्या एकटीचं नाई, अर्ध्या वर्गाचं तसंच होतं.

खेमराज : हं.

अल्का : राजीनामा पर्समध्येच राहिला. कॉलेज सुटलं का हे पोट्टे-पोट्टीयले घेऊन त्या अर्ध्या शेडात बसे. तास कागदावर नव्हताच. इकडं मिस्त्री पिलर भरून राहिले, तिकडं विटांवर फळा टेकवून हे शिकवून राहिली. स्लॅब टाकाचं ठरलं होतं, पण पडले टिनाचे पत्रे. त्याच महिन्यात अध्यक्षाच्या घरावर वरचा मजला चढला. मी काही म्हणत नाई.

खेमराज : अन् पाटी?

अल्का : पेंटर नवखा. 'दाता' लिवलं अन् खाली अध्यक्षाचं नाव. रंजिता म्हणे, सर, चूक झाली. अध्यक्षानं पाटी पुन्हा वाचली. मंग म्हणे, राहू द्या, हेच जास्त बराबर वाटते.

खेमराज : कमिटीनं धरलं असन मंग.

अल्का : कमिटीत तीन साहेब. आधी जेवण, मंग पाहणी. एकानं विचारलं, हवा खेळती राहते का. दुसरा म्हणे, जागा प्रशस्त हाये. तिसरा वयस्कर होता, हा विषय त्यानं स्वतः शिकवलेला. तो पाटीखाली थांबला. पाटी वाचली, पत्र्याकडं पाह्यलं, अन् रंजिताले म्हणे, "मॅडम, हे काय आहे?"

खेमराज : मी असतो तर सगळं सांगून टाकलं असतं.

अल्का : सांगितलं असतं तर कोर्स बंद. अन् खोटं बोलणं तिले जमत नाई. मांगं अध्यक्ष उभे, ठेकेदार उभा, आत पोट्ट्या बसलेल्या. पण बोलली. "सर, हे शेड आहे. विषय आत बसला आहे, विचारून पाहा."

खेमराज : वा.

अल्का : साहेब आत गेला. समोरच ओमेश्वरी. तिले विचारलं, लिंक्ड लिस्टमधला मधला डबा काढाचा असन तर कसा काढशीन? ते उभी राहिली. म्हणे, आधी मागच्या डब्याले पुढच्याचा पत्ता द्याचा, मंगच मधला सोडाचा. पहिलेच सोडला तर पुढची सगळी गाडी हरवते, कुठं गेली ते कोनालेच सांगता येत नाई. मंग त्यानं दुसरीले विचारलं, तिसऱ्याले विचारलं. बाकीचे दोन साहेब बाहेर सुपारी खात होते.

खेमराज : अन् लिवलं काय?

अल्का : 'डाटा स्ट्रक्चर समाधानकारक.' अध्यक्षानं कागद वाचला अन् छोटेलालले मिठी मारली.

खेमराज : त्या साहेबानं खरं सांगितलं नाई त्यायले?

अल्का : नाई. गाडीत बसताना रंजिताले येवढंच म्हणाला, "पत्रा उन्हाळ्यात तापेल मॅडम. पोरींना सकाळी शिकवत जा."

खेमराज : मानूस होता.

अल्का : हो. तिनं तसंच केलं. उन्हाळ्यात रिझल्ट लागला, त्या विषयात सगळा वर्ग पास. अध्यक्षानं मंडप टाकून सत्कार ठेवला. भाषणात म्हणे, स्ट्रक्चर मजबूत असलं का निकाल मजबूत लागते. छोटेलालले शाल, श्रीफळ. यंदा ऑपरेटिंग सिस्टीम नावाचा विषय हाये म्हणते. अध्यक्ष एका डॉक्टरले भेटून आले.

खेमराज : अन् तरी ते तिथंच राहतो म्हणते.

अल्का : ओमेश्वरीचं शेवटचं वर्ष हाये ना, मामा. उदेलालनं सोयरिकीचं थांबवलं, म्हणे शिकू द्या तिले. हे म्हणते, या पोरी बाहेर पडू दे, मंग येईन गोंदियाले. मामाले सांग, राग धरू नका म्हणावं.

खेमराज : राग कायचा. पण मले हे सांग, त्या सत्कारात तिले स्टेजवर बोलावलं का नाई?

अल्का : स्टेजवरच होती ते. सूत्रसंचालन तिच्याकडंच होतं. छोटेलालचं नाव तिनंच पुकारलं.