चार नंबरच्या कप्प्याची पिन

पुरवणी जबाब
विटा पोलीस ठाणे, दि. २५/०७/२०२५, दुपारी ३.१० वा.

माझे नाव सृष्टी कोंडीबा कोळेकर, वय २६ वर्षे, व्यवसाय नोकरी (कर्णतपासणी तंत्रज्ञ), शिक्षण श्रवणशास्त्रातील पदवी, सध्या रा. सदरबझार, सातारा, मूळ गाव ता. खटाव, जि. सातारा.

मी समक्ष हजर राहून जबाब देते की, दि. २२/०७/२०२५ रोजी मी याच ठाण्यात एक जबाब दिला आहे. त्यात 'वडूज येथून निघण्यापूर्वी चार नंबरच्या कप्प्याची पिन मी स्वतः घातली होती' असे वाक्य आहे. ते वाक्य खरे नाही. ते दुरुस्त करण्यासाठी मी आज आले आहे. मला कोणी बोलावलेले नाही.

मी सातारा येथील 'कानोसा' या संस्थेच्या फिरत्या श्रवण तपासणी केंद्रावर चौदा महिन्यांपासून काम करते. हे केंद्र म्हणजे जीपला जोडून ओढायचा ट्रेलर आहे. त्यात एक तपासणीची खोली व सामानाचे नऊ कप्पे आहेत. जड सामान खालच्या कप्प्यांत चाकांच्या वर ठेवतात. तपासणीचे यंत्र स्पंजच्या खाचेत बसवून पट्ट्याने बांधतात. प्रत्येक कप्प्यात घसरू नये म्हणून रबरी चटई आहे. आठ कप्पे आतल्या बाजूने उघडतात. चार नंबरचा कप्पा नोंदणीच्या खिडकीखाली असून बाहेरच्या बाजूने उघडतो, कारण लोकांना वस्तू बाहेरच द्याव्या लागतात. त्याच्या झडपेच्या बिजागऱ्या वर आहेत. झडपेला स्प्रिंगचे लॉक आहे. ते ट्रेलर उभा असताना पुरेसे आहे. चालत्या ट्रेलरमध्ये खड्ड्याने ते सुटू शकते, म्हणून बाहेरून आडवी पिन घालायची असते. पिन नसेल तर झडप उचलली जाते व स्वतःच्या वजनाने परत खाली येऊन लॉक बसते. नंतर पाहणाऱ्याला कप्पा बंदच दिसतो. हे मला पहिल्या जबाबाच्या वेळीही माहीत होते.

ट्रेलरचे चालक चांदसाहेब इमाम शिकलगार, वय ५४, हे लष्कराच्या तोफखान्यातून निवृत्त झालेले आहेत. निघण्यापूर्वी ते ट्रेलरला फेरी मारत, प्रत्येक कप्प्यावर तळहाताने थाप देत आणि मोठ्याने म्हणत, "एक बंद. दोन बंद. तीन बंद." नऊपर्यंत. त्यांना कमी ऐकू येत असल्याने आवाज बराच मोठा असे. शिबिराला आलेले लोक हसत. एकदा कोणीतरी म्हणाले, "काय फौजी, बैलं मोजताय व्हय?" त्यावर ते म्हणाले, "बैलं आपल्या पायानं घरी येत्यात गड्या, डबं येत न्हाईत."

ही पद्धत एप्रिल महिन्यात मी बंद करायला लावली. त्याऐवजी मी नऊ ओळींचा छापील तक्ता केला. त्यात खूण करून मी सही करते. चांदसाहेब यांना मी सांगितले की, आता थापा मारण्याची गरज नाही, कागदावर सही असली की पुरे. ते म्हणाले, "कागद बघतोय व्हय मॅडम पिन हाय का न्हाई ते?" त्यानंतर त्यांनी थापा मारणे बंद केले. मात्र दर वेळी जीपमध्ये बसताना ते मला "चारची पिन?" एवढे विचारत.

दि. २२ रोजी वडूज येथील शिबिर सकाळी ११ वाजता संपले. ११.१५ वा. मी सर्व कप्पे बंद केले, पिन घातली, तक्ता भरून सही केली. ११.२५ वा. बनाबाई नावाच्या वृद्ध बाई कानातल्या यंत्राची बॅटरी संपली म्हणून आल्या. मी चार नंबरची पिन काढून ॲप्रनच्या खिशात ठेवली, कप्पा उघडला, त्यांना बॅटरीचे पाकीट दिले व झडप दाबून लावली. पिन परत घातली नाही. तक्त्यावर सही आधीच झालेली होती. ११.३५ वा. आम्ही निघालो. चांदसाहेब यांनी विचारले, "चारची पिन?" मी "हो" म्हणाले. मी मोबाईल पाहत होते.

त्या कप्प्यात निळ्या रंगाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात विटा येथील शिबिरासाठी श्रवणयंत्राचे चौदा संच होते. प्रत्येक संच एकेका व्यक्तीच्या कानाच्या मापाचा असून त्यावर नावाची चिठ्ठी होती. त्या चौदा जणांना आम्ही दुपारी बोलावले होते.

मायणीच्या अलीकडे अंदाजे सहा किलोमीटरवर रस्त्याला मोरी आहे. तेथे डांबर खचलेले आहे. ११.५५ च्या सुमारास ट्रेलर तेथे आदळला. चांदसाहेब यांनी वेग कमी केला व म्हणाले, "मॅडम, मागं काय तर पडलं." मी म्हणाले, "काही पडलं नाही. तुमचा कान आहे तो." ते म्हणाले, "धप्प झालं की वो." मी म्हणाले, "तुमच्या कानात आवाज होतात, तुम्हीच सांगितलंय मला. चला, उशीर होतोय." ते "असंल" म्हणाले व पुढे निघाले.

याबाबत मला तांत्रिक माहिती द्यायची आहे. चांदसाहेब यांची तपासणी मीच केलेली आहे. तोफेजवळ काम केल्याने त्यांना दोन्ही कानांनी उंच पट्टीचे आवाज कमी ऐकू येतात, डाव्या कानाने जास्त. पक्ष्याचा आवाज, फोनची बारीक घंटी त्यांना येत नाही. खालच्या पट्टीचे आवाज त्यांना माझ्याइतकेच ऐकू येतात. त्यांच्या कानात होतो तो आवाज शिट्टीसारखा आहे, असे त्यांच्याच नोंदीत माझ्या अक्षरात लिहिलेले आहे. झडप आदळल्याचा आवाज खालच्या पट्टीचा असतो. तो त्यांना ऐकू येऊ शकतो हे समजायला मला वेगळा विचार करावा लागला नसता. मला स्वतःला तो आवाज आला होता की नाही, हे मी आज खात्रीने सांगू शकत नाही. मी ऐकत नव्हते.

मायणी येथे १२.१० वा. मी औषधाच्या दुकानात गेले. मला बारा मिनिटे लागली. तेवढा वेळ चांदसाहेब जीपमध्ये एकटे होते. दुपारी १.०५ वा. विटा येथे पोहोचल्यावर मी चार नंबरचा कप्पा उघडला. डबा नव्हता. कप्प्याला पिनही नव्हती. मी संस्थेचे व्यवस्थापक इंद्रजित यांना फोन केला. ते सव्वातीनला साताऱ्याहून आले व त्यांनी तक्रार दिली.

दरम्यान शिबिराचे लोक जमलेले होते. त्यांपैकी दादासो नावाचे गृहस्थ गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी गाळण्याच्या, धंद्यातून परत येऊन विट्यात राहतात. ते नवा शर्ट घालून सकाळी दहापासून बसले होते. ते मोठ्या आवाजात विचारत होते, "माझा कान कुठाय?" कोणीतरी त्यांना हाताच्या खुणेने चोरी झाल्याचे सांगितले. त्यावर ते चांदसाहेब यांच्याकडे पाहून म्हणाले, "फौजी म्हणायचं, आन् म्हाताऱ्याच्या कानातलं बी सोडायचं न्हाई व्हय!" लोक हसले. चांदसाहेब यांना ते ऐकू आले. दादासो यांचा आवाज जाड आहे.

इंद्रजित यांनी मला विचारले, "पिन घातली होती?" त्या वेळी पिन घातल्याचे मला आठवत नव्हते. न घातल्याचेही आठवत नव्हते. मी "घातली होती" म्हणाले व सही केलेला तक्ता दाखवला. त्यावरून पिन कोणीतरी हाताने काढली असा अर्थ झाला. गाडीजवळ एकटे असलेले एकच होते.

ठाण्यात चांदसाहेब यांना माझ्यासमोर विचारण्यात आले की, वाटेत काही पडल्याचा आवाज आला का. त्यांनी माझ्याकडे पाहिले. मग म्हणाले, "मला वाटलं व्हतं साहेब. पर माझा कान खराब हाय. मॅडमनी तपासलाय." मी खाली पाहत होते. मला काही विचारले नाही व मी काही बोलले नाही.

येथे जबाब लिहून घेणाऱ्या अंमलदारांनी विचारले की, हे वाक्य घ्यायलाच हवे का. घ्यावे, असे मी सांगितले.

त्याच दिवशी रात्री १० वाजता घरी ॲप्रन धुण्यासाठी काढताना खिशात पिन सापडली. मी ती पर्समध्ये ठेवली. दि. २३ रोजी चांदसाहेब यांना कामावर येऊ नका असे कळवण्यात आले. त्या वेळी मी कार्यालयात हजर होते. पिन पर्समध्ये होती.

दि. २४ रोजी सकाळी चांदसाहेब यांचा मला फोन आला. मला वाटले ते भांडतील. ते म्हणाले, "मॅडम, नवा डायवर येईल त्येला सांगा, चारची स्प्रिंग ढिली झालीया. आन् डावीकडचं चाक टायर जरा खातंय." मी "सांगते" म्हणाले. नंतर त्यांच्या पत्नी अख्तरबी यांनी फोन घेतला. त्या म्हणाल्या, "ह्यांचा कान परत एकदा तपासा की वो. कुकरची शिट्टी ऱ्हाऊ द्या, दार वाजलं तरी मला इचारत्यात, खरंच वाजलं का म्हणून. आधी असं नव्हतं." मी त्यांना तारीख कळवते असे सांगितले.

आज सकाळी ८ वाजता मी वडूजहून भाड्याच्या रिक्षाने त्या मोरीजवळ गेले. डबा सापडला तर पिनचा विषय निघणार नाही, असे मला जाताना वाटत होते. हेही लिहून घ्यावे.

मोरीपासून मायणीच्या बाजूस अकरा पावलांवर चरात निळ्या डब्याचे झाकण पडलेले आहे. त्यावर माझ्या अक्षरात 'विटा, १४' असे लिहिलेले आहे. मी त्याला हात लावला नाही. जवळच धुळा नावाचे गृहस्थ मेंढरे चारत होते. मी त्यांना डब्याबद्दल विचारले. त्यांनी पटक्याच्या पदरात बांधलेले नऊ संच सोडून दाखवले. बाकीचे पाच गाड्यांखाली गेले, असे ते म्हणाले. त्यांनी ते का ठेवले, असे मी विचारले.

ते म्हणाले, "मला वाटलं मेंढराच्या कानातलं बिल्लं हायती. ढोराच्या डाक्टराला देऊ म्हणलं, आला म्हंजी."

मी सांगितले की ती माणसांच्या कानात घालायची यंत्रे आहेत.

"माणसाच्या? आन् ते कशापायी?"

"ऐकू यावं म्हणून."

ते हसले व म्हणाले, "कुणाची गं तू?" मी वडिलांचे नाव सांगितले. ते म्हणाले, "कोंडीबाची लेक व्हय! बा तुझा अंधारात नुसत्या पायाच्या आवाजावर मेंढरू वळकायचा." संच त्यांच्याकडेच ठेवावेत, पोलीस येऊन घेतील, असे मी त्यांना सांगितले. ते म्हणाले, "कुटं जातोय मी." नऊ चिठ्ठ्या मी वाचून घेतल्या. त्यांत दादासो यांचे नाव नाही. ते ठिकाण वडूज पोलीस ठाण्याच्या हद्दीत येते, असे मला येथे सांगण्यात आले. मी दाखवायला येण्यास तयार आहे.

परत येताना माझ्या लक्षात आले की, लॉक ढिले असल्याने डबा पडला एवढेच सांगूनही चोरीचा आरोप जाईल. मग लॉक न तपासल्याबद्दल चालकाला विचारतील, कारण गाडीची देखभाल त्याच्याकडे आहे. म्हणून मी पिनबद्दल सांगत आहे. चांदसाहेब यांनी लॉक तपासण्याची स्वतःची पद्धत ठेवली होती. ती मी बंद केली. पिन घातली का, असे त्यांनी विचारले होते. त्याला मी खोटे उत्तर दिले. डबा पडला तेव्हाही त्यांनी सांगितले होते. चौदापैकी चौदा संच तेव्हा रस्त्यावर होते.

सदर पिन मी आज पंचांसमक्ष हजर करीत आहे. लांबी नऊ सेंटीमीटर, लोखंडी, एका टोकाला कडी, कडीला लाल दोरा. दोरा चांदसाहेब यांनी बांधलेला आहे, पिन विसरू नये म्हणून.

माझ्या विनंतीवरून चांदसाहेब शिकलगार यांना बोलावण्यात आले. ते पत्नीसह सायंकाळी ५.४० वा. आले. हा जबाब त्यांनाही वाचून दाखवावा व वाचणाऱ्याने त्यांच्या उजव्या हाताला बसावे, असे मी सांगितले. पूर्ण ऐकून झाल्यावर ते मला म्हणाले, "म्हंजे आवाज आला व्हता."

मी म्हणाले, "आला होता, चाचा."

ते अख्तरबींकडे वळून म्हणाले, "बघ."

वरील मजकूर मी सांगितला तसा संगणकावर घेतला असून तो मला मोठ्याने वाचून दाखवला. वाचताना प्रत्येक परिच्छेदावर हात ठेवून मी तो ऐकला आहे. बरोबर आहे.

समक्ष,
(सही) सृष्टी कोंडीबा कोळेकर